विहारातला हुजरा

जालन्यातून सहल वेरूळला गेली की मुले कैलास लेण्यासमोर फोटो काढतात आणि बस परत फिरते. यंदा मी मुलांना मुद्दाम 12 क्रमांकाच्या, तीन ताल लेण्यात नेले. सुमारे 1300 वर्षांपूर्वीचा हा तीन मजली बौद्ध विहार. भिक्खूंच्या छोट्या खोल्या, निजायला दगडातच कोरलेले ओटे. एका मुलीने विचारले, "सर, हा हुजराच ना?" मी म्हणालो, "हो बेटा. आपल्याकडे संन्यास नाही, पण एतिकाफ आहेच की!"

तिथून चार-पाच किलोमीटरवर खुलताबाद. निजामुद्दीन औलियांचे मुरीद, 1337 मध्ये वारलेले बुऱ्हानुद्दीन गरीब तिथे दफन आहेत. बस मात्र थांबली नाही. औरंगजेबाच्या कबरीवरून 2025 मध्ये पेटलेला वाद आठवून काही पालकांनी आधीच नको म्हटले होते. त्यांत आपलेही होते.

एका कबरीच्या भांडणात सूफींचे अख्खे गाव झाकले गेले आहे. त्याचा दोष फक्त भांडणाऱ्यांना देऊन भागणार नाही. आपणच भीतीने मुलांना तिकडे नेले नाही, तर त्यांना ते गाव दाखवणार कोण? पुढच्या वर्षी एकाच दिवशी दोन्ही पाहू: आधी विहार, मग दर्गा.