अळणी आणि खारट यांच्या मधली चव

रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टर सांगतात, ‘मीठ कमी करा.’ घरी पोचेपर्यंत त्याचा अर्थ होतो, ‘अळणी खा.’ चार दिवस तशी भाजी कशीबशी गिळली जाते. पाचव्या दिवशी मीठ पुन्हा ताटात येते. यात दोष जिभेचा तेवढाच सल्ल्याच्या शब्दांचाही आहे.

मराठीत मीठ जास्त झाले की खारट आणि नसले की अळणी. मधल्या चवीला म्हणायचे ‘चवीपुरते’, आणि ती चव ज्याची त्याची. जपानीत खारटपणाला ‘शोप्पाई’, ‘शिओकाराई’ असे शब्द आहेत. पण बेताचे मीठ लावलेल्या मासळीला ‘अमाजिओ’ म्हणतात, शब्दशः गोड मीठ. कमी मिठालाही तिथे चवदार नाव आहे. अर्थात नुसत्या शब्दाने भागत नाही. पक्षाघाताने ग्रासलेल्या नागानो प्रांतात आरोग्य स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन सूपमधले मीठ मोजले, तेव्हा सवयी बदलल्या.

पेठ तालुक्यातही मोजमापच हवे, कारण जीभ फसवते. नागलीच्या भाकरीत मीठ नसले तरी सोबतची सुकी मासळी, ठेचा, लोणचे ते भरून काढतात. नागलीच्या पापडातला पापडखार हा सोडियमचाच क्षार. बिस्कीट गोड लागते, पण त्यातही मीठ आणि सोडा असतो. खारट लागत नाही, म्हणून सोडियम नाही असे नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट लहान चमचाभर, तेही सगळे धरून. पाच मोठ्या माणसांच्या घरात एक किलोची पिशवी किमान ४० दिवस पुरली पाहिजे. बाजारातून पापड, सुकट, वेफर्स येत असतील, तर त्याहूनही जास्त. पिशवी फोडली त्या दिवसाची खूण दिनदर्शिकेवर केली की हिशेब कळतो. मीठ आयोडीनयुक्तच असावे. जुलाब झालेल्याला किंवा दिवसभर उन्हात घाम गाळणाऱ्याला मात्र सरसकट हा नियम लावू नये.

मीठ एकदम तोडू नये. दर आठवड्याला चिमूटभर कमी केले, तर काही आठवड्यांत जीभ सरावते आणि पूर्वीची भाजीच खारट वाटू लागते. म्हणून आशा कार्यकर्ती आणि डॉक्टर यांनी ‘मीठ सोडा’ म्हणण्याऐवजी ‘तुमची मिठाची पिशवी किती दिवस पुरते?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराला देता येते.