दया नको, माप हवे

आवडीच्या कारखान्यांत ज्यांनी चार वर्षे काढली आहेत, त्यांस एक गोष्ट नव्याने सांगावयास नको. यंत्राच्या सुट्या भागाचे ड्रॉइंग हाती आले, म्हणजे त्यावर केवळ माप लिहिलेले नसते. त्या मापात किती उणे-अधिक चालेल, तेही लिहिलेले असते. कारखान्यात त्यास ‘टॉलरन्स’ म्हणतात. ही काही कारागिरावर केलेली मेहेरबानी नव्हे. काम हाती घेण्यापूर्वी ती सर्वांस ठाऊक असते, सर्वांस सारखी असते, आणि तीत बसलेल्या भागावर कोणी ‘दयेने पास’ असा शिक्का मारीत नाही. दुसरी गोष्ट अशी, की लांबीचे प्रमाण-माप २० अंश सेल्सिअस तपमानास धरलेले असते. वैशाखातील उन्हाने पोलाद तापून वाढले, तर पोलाद नापास होत नाही. मोजणारा तपमानाचा हिशेब करून आपले माप दुरुस्त करतो.

पोलादास जो न्याय आपण विनातक्रार देतो, तो आपल्या मुलांस मात्र २०२० साली मिळाला नाही, अशी आमची तक्रार आहे. ती साथ आता ओसरून गेली. परंतु त्या साथीत पदव्या घेऊन बाहेर पडलेली मुले नोकऱ्यांच्या दारांत उभी आहेत, आणि पुढली आपत्ती तिथी सांगून येणार नाही. म्हणून हा विषय शिळा झाला, असे आम्हांस वाटत नाही.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. बदलीच्या नोकरीतील आपल्या घरांची त्या वेळी काय दशा झाली, ती वाचकांनी आठवावी. अंबरनाथहून किंवा खडकीहून बदलून आवडीस आलेल्या कुटुंबातील थोरला मुंबई विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षात, तर धाकटी येथील अण्णा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात, अशी विभागणी आपल्याकडे नवी नाही. आमच्या परिचयातील एका घरचा मुलगा मार्चमध्ये दोन कपडे घेऊन वसतिगृहातून निघाला. पंधरा दिवसांत परतू, या समजुतीने पुस्तके खोलीतच ठेवून आला. खोलीस कुलूप लागले, गाड्या थांबल्या आणि पुस्तके तिकडेच राहिली. जून महिन्यात १९ ते ३० तारखेपर्यंत चेन्नई व भोवतालच्या भागांत पुन्हा कडक टाळेबंदी झाली. तामिळनाडूत एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यास ई-पास काढावा लागे. मग मुंबईस जाऊन पुस्तके आणण्याची गोष्ट कशास? हे त्या मुलाचे तापलेले पोलाद! त्याचे माप घेणाऱ्यांनी तपमान पाहिले काय?

पाहिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाहिले, परंतु प्रत्येकाने आपापला तापमापक आणला, आणि एकाचा आकडा दुसऱ्यास मान्य झाला नाही. २९ एप्रिल २०२० रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. मधल्या सत्रांच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेणे शक्य नसेल, तेथे निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनावरून व निम्मे मागील सत्राच्या निकालावरून द्यावेत, असा मार्ग त्यांत होता. महाराष्ट्र सरकारने १९ जूनच्या निर्णयाने अंतिम वर्षाची परीक्षाही बाजूस ठेवून पूर्वीच्या सत्रांवरून पदवी देण्याचे ठरविले. कुलपती या नात्याने राज्यपालांचा त्यास विरोध. ६ जुलैस आयोगाने सुधारित सूचना काढून अंतिम परीक्षा सप्टेंबरअखेर झालीच पाहिजे, असे फर्माविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्टला निकाल लागला: राज्यास परीक्षा लांबविता येईल, आयोगाकडे मुदत मागता येईल, परंतु अंतिम परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. पुढे ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाने बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा उरकली. न्यायालयाने कायद्याचा अर्थ सांगितला. त्याविषयी आमचा वाद नाही. आमचा वाद आहे तो त्यापूर्वीच्या पाच महिन्यांविषयी. परीक्षा आहे, नाही, आहे, अशा हेलकाव्यांत मुलाने अभ्यासास बसावे की नोकरीचा अर्ज करावा? कारखान्यात भाग अर्धा कातून झाल्यावर तीनदा ड्रॉइंग बदलणाऱ्यास आपण काय म्हटले असते, ते येथे छापण्याजोगे नाही.

इकडे तामिळनाडूत त्याच आठवड्यात निराळाच सोहळा झाला. २६ ऑगस्ट २०२० रोजी मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले, की अंतिम सत्राच्या परीक्षा वगळता, ज्यांनी राहिलेल्या विषयांची परीक्षा-फी भरली आहे, त्यांना त्या परीक्षांतून सूट मिळेल. फी भरणे हीच परीक्षा! विद्यार्थ्यांत आनंदीआनंद झाला, काही ठिकाणी मुख्यमंत्र्यांचे गुणगान करणारे फलक लागले. आणि पुढील वर्षी विधानसभेची निवडणूक होती, हे कोणी विसरले नव्हते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने विरोध केला, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने परीक्षांवाचून अशी सूट मान्य करता येणार नाही, असे सांगितले. म्हणजे जी मुले पास झालो म्हणून पेढे वाटून बसली होती, त्यांच्यापुढे आठ महिन्यांनी पुन्हा तोच पेपर आला. दैव देते आणि कर्म नेते, म्हणतात. येथे देणारे व नेणारे दोन्ही आपलेच होते.

या दोन्ही प्रकारांत आम्हांस एकच दोष दिसतो. मुंबईत सवलत मागितली ती करुणेच्या भाषेत, येथे दिली ती दानाच्या भाषेत. मोजमापाची भाषा कोणीच बोलले नाही. दान देणाऱ्याच्या लहरीवर असते, म्हणून ते परतही घेता येते. शिवाय दान घेणाऱ्याच्या कपाळी ते लिहिलेले राहते. २०२० च्या जुलैत महाराष्ट्रातील कृषी अभ्यासक्रमाच्या काही गुणपत्रकांवर ‘प्रमोटेड कोविड-१९’ असे शब्द छापून आले. बोभाटा झाल्यावर सारवासारव झाली. परंतु ज्या हातांनी ते शब्द छापले, त्या हातांमागील मन काही एका फेऱ्याने बदलत नाही. साथ पसरली देशात आणि डाग पडला मुलाच्या कागदावर!

आता आक्षेपकांचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, अशाने दर्जा खालावेल. उद्या पूल कोसळतील, रोगी दगावतील. आक्षेप खोटा नाही, पण अस्थानी आहे. पूल कोसळतो तो न शिकलेल्या विद्येमुळे, न झालेल्या तीन तासांच्या पेपरामुळे नव्हे. ज्या विषयांत प्रयोगशाळा, कार्यशाळा वा रुग्णशय्या यांवाचून ज्ञान पुरे होत नाही, तेथे राहिलेले काम साथ ओसरताच करवून घ्यावे. त्यात सवलत देऊ नये, असे आम्हीही म्हणतो. परंतु राहिलेले शिक्षण भरून काढण्याची तळमळ कोणी फारशी दाखविली नाही. भांडण झाले ते परीक्षेच्या तारखेवरून. आणि दर्जाचे हे कैवारी ज्या ऑनलाइन परीक्षेवर समाधान मानून बसले, तिने काय मोजले? ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आणि अखंड इंटरनेट, त्याची खोली व इंटरनेट मोजले. ज्याच्या घरी चार माणसांत एक मोबाइल, त्याची गरिबी मोजली. याच आवडीत जानेवारी १९५५ मध्ये ढेबरभाईंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरून समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला होता. पासष्ट वर्षांनी त्याच गावच्या मुलांची गुणवत्ता मोबाइलच्या टॉवरवरून ठरावी, हा काळाचा विनोद कडवट आहे.

इतरत्र काय झाले, तेही पाहावे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०२० च्या वसंत सत्रात नेहमीच्या श्रेणी बाजूस ठेवून उत्तीर्ण होणाऱ्या सर्वांस एकच आपत्कालीन श्रेणी लावली, आणि तसे सत्र चालू असतानाच सांगितले. तेथे दर्जा बुडाल्याचे आम्ही ऐकले नाही. उलट इंग्लंडमध्ये त्याच ऑगस्टात ए-लेव्हलच्या विद्यार्थ्यांस एक गणिती सूत्र लावून शिक्षकांनी ठरविलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के खाली ओढण्यात आल्या. सूत्रात शाळेच्या मागील निकालांचे वजन होते. सामान्य शाळेतील हुशार मुलगा आपल्या शाळेच्या इतिहासाखाली चिरडला गेला. विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि १७ ऑगस्टला ते सूत्र मागे घ्यावे लागले. तेव्हा लवचीकपणा म्हणजे कोणतेही सूत्र चालेल, असेही नव्हे.

मग हवे तरी काय? हवा तो नियम, आणि तो आज, निवांतपणी लिहिलेला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या आरंभी सरकारने साथरोगांचा कायदा केला. तोच कायदा २०२० साली धूळ झटकून बाहेर काढण्यात आला. घरात शिरण्यासाठी, माणूस अडविण्यासाठी लागणारा नियम सव्वाशे वर्षे तयार होता. मुलाचे गुण कसे मोजावेत, यासाठी मात्र तहान लागल्यावर विहीर खणावी लागली. आमच्या मते त्या नियमात तीन कलमे असावीत. पहिले, आपत्ती जाहीर होताच मूल्यमापनाची पर्यायी रीत आपोआप लागू व्हावी, ती सर्व राज्यांत एकच असावी, आणि सत्राच्या मध्यावर कोणी ती बदलू नये. दुसरे, ज्यास नेहमीची परीक्षा द्यावयाची आहे, त्यास ती पुढे देण्याचा हक्क असावा, व दोहोंतील चांगला निकाल धरावा. तिसरे, गुणपत्रकावर सवलतीचा कोणताही शिक्का नसावा. राहिलेल्या शिक्षणाची भरपाई मात्र सक्तीची असावी, आणि ती सक्ती विद्यार्थ्याइतकीच विद्यापीठावरही असावी.

आता शेवटचे, आणि थोडे अवघड. वाचकहो, ही परिपत्रके कोणी लिहिली? मंत्र्यांनी सह्या केल्या असतील; मसुदे आपल्यासारख्यांच्याच टेबलांवर तयार झाले. सेवानियमांत पूर्वलक्षी प्रभावाने आपला एक रुपया कापला गेला, तर आपण न्यायाधिकरणापर्यंत जातो. मुलांच्या पदव्यांस तोच पूर्वलक्षी प्रभाव लावताना आपली लेखणी अडखळली नाही. आणि आजही निवड-मंडळावर बसल्यावर समोरच्या अर्जावर २०२० वा २०२१ हे वर्ष दिसताच ‘कोविडची पदवी’ म्हणून ओठ मुडपणारे आपल्यातच आहेत. गुणपत्रकावरील शिक्का पुसला जाईल. तो आपल्या डोळ्यांतून पुसला जात नाही, तोवर त्या मुलांची परीक्षा संपलेली नाही.

उद्या असा एखादा अर्ज आपल्या हाती आला, तर क्षणभर थांबावे. जे माप आपण त्यास लावीत आहोत, ते कोणत्या तपमानास धरलेले आहे, एवढे स्वतःस विचारावे. पोलाद मोजताना हे आपण कधी विसरत नाही. माणूस मोजताना तरी का विसरावे?