वाढीचे खरे माप

आज नाताळ. ख्रिस्तमंडळीच्या वाढीचा विषय निघाला की काहींच्या मनात आशा उमलते, तर काहींच्या मनात शंका डोकावते. दोघेही आधार घेतात तो शिरगणतीचाच. वस्तुतः अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत पाऊल ठेवले, त्याला दोन शतके उलटली. तरी २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती जन शेकडा एकाहूनही किंचित कमीच भरले. धाराशिव जिल्ह्यात तर ते प्रमाण अत्यल्प. तेव्हा प्रभावाचे माप संख्येत शोधणे व्यर्थ होय.

ते पाहावयाचे तर भूमच्या शिवेपलीकडे जामखेडास जावे. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात अनुभव घेतलेल्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावातल्याच स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यांत निरक्षर व दलित भगिनी पुष्कळ होत्या. जिचा स्पर्श गावाला विटाळ वाटे, तिच्याच हाती बाळंतिणी सुखरूप सुटू लागल्या. विंधनविहिरी दलितवस्तीत घेतल्या गेल्या आणि तहानेपुढे सोवळे नमले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. रुग्णाचा धर्म तेथे कोणी पुसला नाही.

आज मराठवाड्यात लहानमोठ्या प्रार्थनासभा घराघरांतून भरतात. त्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. सर्व समान अशी ग्वाही देणाऱ्या मंडळीतही सोयरीक जुळविताना जुनी जात आडवी येते, ही व्यथा जुनीच आहे. कायद्याचाही पेच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील सवलती शीख दलितांना १९५६ मध्ये व बौद्धांना १९९० मध्ये खुल्या झाल्या. ख्रिस्ती दलित मात्र वंचितच राहिले. मग कागदावर एक धर्म व अंतःकरणात दुसरा, असे दुभंगलेले जिणे काहींच्या वाट्याला येते. तेथे शिरगणती तरी पुरते सत्य कोठून सांगणार?

आमिष दाखवून धर्म बदलविणे हा सेवेचा अवमान होय. आणि प्रत्येक सेवेत आमिषच पाहणे हा सेवकाचा. गव्हाणीत जन्मलेल्या प्रभूचा उत्सव करणाऱ्यांनी गावकुसाबाहेरच्या दारी किती दिवे लागले, हे मोजावे. तीच खरी वाढ.