जामीनदाराची सही

सप्टेंबर आला की पगारदार नोकरांच्या पतसंस्थांच्या वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो. सभा तापते ती दोनच प्रश्नांवर: लाभांश किती आणि यंदा भेटवस्तू काय. (लाभांशाला कायद्याने 15 टक्क्यांची मर्यादा आहे, स्टीलच्या डब्याला नाही.) सभासदांना शिक्षण द्या, असं सांगणारं कलम 24 अ सहकार कायद्यात 2013 पासून आहे. पण त्याचं बहुतेक ठिकाणी होतं काय, तर एक हॉल, एक वक्ते, शाल-श्रीफळ आणि जेवण.

खरं शिक्षण द्यायची जागा म्हणजे कर्जाचा अर्ज भरतात ते टेबल. हप्ता पगारातूनच कापून येत असल्याने कुणाच्या हातात किती पडतं, हे सचिवाला तोंडपाठ असतं. जूनमध्ये शाळेच्या फीसाठी आकस्मिक कर्ज कोण उचलतो आणि दिवाळीत नवं-जुनं कोण करतो, हेही. अशा वेळी त्याने कोरा कागद पुढे ओढावा. लाखाचं कर्ज, 24 हप्ते, दर 12 टक्के. व्याज सरळ मुद्दलावर लावलं तर 24 हजार. घटत्या शिलकेवर लावलं तर 13 हजारांच्या आत. दर तोच. एवढं डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढच्या वेळी टीव्ही हप्त्यावर घेताना दुकानदाराला दर विचारून थांबणार नाही, तो कसा लावता हेही विचारेल.

त्याहून निकडीचं काम जामीनदाराचं. ‘अरे, सही तर करायचीय’ म्हणत चहाच्या टपरीवरून उठवून आणलेला हा माणूस अर्जावरची रक्कमसुद्धा वाचत नाही. मित्राचे हप्ते थकले, की कपात याच्या पगाराला लागते आणि घरी ते सांगताना जीभ अडखळते. त्याला कर्जदाराशिवाय एकटं बसवून हे सगळं सांगावं. काही जण सही न करता उठून जातील. जाऊ द्यावं, कर्ज एखादं कमी होईल.

एक गोष्ट मात्र पतसंस्था सहसा स्वतःहून बोलत नाहीत. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. अर्धा टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी पुंजी आणणाऱ्या सभासदाला हे पावती फाडण्याआधी कळायला हवं. पावतीवर तेवढी एक ओळ ठळक छापायला वक्ते लागत नाहीत, संचालक मंडळाचा ठराव पुरतो.