आंग्र्यांच्या नावाचे बुडालेले पठार

१/५
विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक पठार आहे: आंग्रिया बँक. त्याच्या माथ्यावर पाणी अवघे २० मीटरांच्या आसपास. तेथवर सूर्यप्रकाश पोहोचतो, म्हणून तेथे प्रवाळ वाढते.

२/५
इंग्रजी कागदपत्रांतील ‘आंग्रिया’ म्हणजे आंग्रे. सरखेल कान्होजींनी दस्तकाविना जाणारी जहाजे अडवली, म्हणून इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवले. समुद्रावर नियम कोणाचा चालावा, हाच तो वाद होता.

३/५
वन्यजीव अधिनियम, १९७२ खालील अभयारण्य १२ सागरी मैलांपर्यंतच घोषित करता येते. हे पठार त्यापलीकडे आहे. तरीही ‘कायदा पोहोचत नाही’ ही सबब टिकत नाही. सागरी क्षेत्र अधिनियम, १९७६ चे कलम ७ केंद्र सरकारला अनन्य आर्थिक क्षेत्रातील भाग अधिसूचित करून तेथील सागरी पर्यावरण राखण्याचा अधिकार देते.

४/५
केवळ अधिसूचनेने मात्र तळ वाचत नाही. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले आणि स्थानिक मच्छीमार विरोधात उभे राहिले. वास्तविक तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांशी रापणकर स्वतःच झगडत आले आहेत. संरक्षणाच्या या स्वाभाविक सोबत्यालाच परके करणे, ही नियोजनाची चूक होय.

५/५
गडाचा चिरा ढळला की इतिहासप्रेमी संतापतात, आणि ते योग्यच. आंग्र्यांच्या नावाचे प्रवाळ मोडले, तर ते कोणाला दिसतही नाही. अभिमान खरा असेल, तर मागणी नेमकी हवी: कलम ७ चा वापर, मच्छीमारांसह आखलेली सीमा आणि त्या सीमेत संपूर्ण ट्रॉलबंदी.