नमुना शिळा होण्याआधी

अंकलेश्वरच्या तेलविहिरीवर भरलेला कॅन महामार्गाने चलथाणपर्यंत आणायला दोन तास पुरेसे आहेत. प्रत्यक्षात तो प्रयोगशाळेच्या टेबलावर चढतो दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी. गेट पास, पावती, मध्येच रविवार. तोवर आतले तेल-पाण्याचे इमल्शन विहिरीवरचे राहिलेले नसते. तरीही त्याच्यावरच बॉटल टेस्ट लावली जाते, त्यावरून पाणी सोडवणारा डिमल्सिफायर ठरतो आणि वर्षभराची ऑर्डर निघते. ही पद्धत चुकीची आहे आणि ती बंद व्हायला हवी, असे आम्हाला ठामपणे वाटते.

कच्च्या तेलात पाण्याचे थेंब टिकून राहतात ते त्यांच्याभोवतीच्या पापुद्र्यामुळे. अस्फाल्टीन, रेझिन, नॅफ्थेनिक आम्ले, मेणाचे स्फटिक, मातीचे आणि आयर्न सल्फाइडचे बारीक कण हे सगळे तेल-पाण्याच्या सीमेवर येऊन बसतात. हे बसणे एका क्षणात होत नाही. अस्फाल्टीनचा थर तासन्‌तास जाड आणि ताठ होत राहतो. ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी टोल्युइनने पातळ केलेल्या जड तेलात पिपेटच्या टोकाला पाण्याचा एक थेंब धरून पाहावा. लगेच आत ओढला तर तो गोल राहूनच लहान होतो. काही तासांनी ओढला तर मनुकेसारख्या सुरकुत्या पडतात. ताज्या थेंबावर काम करणारे रसायन जुन्या थेंबावर तितकेच चालेल, असे धरून चालता येत नाही.

कॅनमध्ये आणखीही बरेच घडते. दाब उतरला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पाण्याचा सामू वाढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट कणरूपाने बाहेर पडते. हवा लागली की विरघळलेले लोह गंजाच्या कणांत बदलते. हे कणही सीमेवर जाऊन थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. मुंबई हायसारखे मेणयुक्त तेल असेल तर थंड होताना मेण वेगळे होते. पुन्हा ६० अंशांच्या पाण्यात बाटली ठेवल्याने ते वितळेल, पण तेलातून निघून गेलेले हलके घटक परत येणार नाहीत.

थेंबाचा आकार हा तर वेगळाच प्रश्न आहे. तेलाची श्यानता १० सेंटिपॉइज आणि घनतेतला फरक घनमीटरला १०० किलो धरला, तर स्टोक्सच्या नियमाने १०० मायक्रॉनचा थेंब तासाला साधारण २० सेंटिमीटर खाली बसतो. १० मायक्रॉनचा थेंब मात्र तासाला जेमतेम २ मिलिमीटर. विहिरीच्या तोंडाशी प्रवाह आवरणाऱ्या चोकवरून दाब पडताना आणि सेंट्रिफ्यूगल पंपातून जाताना हे बारीक थेंब आपणच तयार करतो. म्हणून पंपाच्या आधीचा नमुना आणि नंतरचा नमुना यांना एकच समजू नये. पाणी सुटत नाही म्हणून डोस वाढवण्याआधी चोकवर दाब किती पडतो ते पाहणे बहुतेक वेळा स्वस्त पडते. जास्तीचा डिमल्सिफायर काही वेळा स्वतःच इमल्शन टिकवतो आणि तेल-पाण्यामधला न फुटलेला थर, म्हणजे रॅग, वाढतो, हे टाकीवर काम करणाऱ्यांना सांगायला नको.

अंकलेश्वरचे तेल १९६० मध्ये सापडले. साठीपार क्षेत्रातून तेलाबरोबर पाणीही भरपूर येणारच. उत्तरेला मेहसाण्याच्या बालोल-संथालच्या जड तेलाची गोष्ट आणखी कठीण, कारण तिथे जमिनीखालीच थोडे तेल जाळून बाकीचे पुढे ढकलले जाते. अशा तेलाचे इमल्शन फारच चिवट असते. तरी इमल्शन फोडणे नवे नाही. कॉट्रेल यांचे विजेने पाणी काढण्याचे पेटंट १९११ चे आणि बार्निकेल यांचे रसायनाने काढण्याचे १९१४ चे. तंत्र शंभर वर्षांचे मुरलेले आहे. अडते ते नमुन्यापाशी. इथे हयगय झाली तर पुढे रिफायनरीच्या डिसॉल्टरमधून मीठ सुटून जाते, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या क्लोराइडांपासून गरम तेलात हायड्रोक्लोरिक आम्ल बनते आणि ऊर्ध्वपातन स्तंभाचा वरचा भाग खायला लागते.

बॉटल टेस्ट विहिरीवर करता येते. शंभर मिलिलिटरच्या खुणांच्या बाटल्या, मायक्रोपिपेट, गरम पाण्याचे भांडे आणि हाताने फिरवायचे सेंट्रिफ्यूज एवढे सामान जीपच्या मागच्या सीटवर मावते. खाली किती पाणी उतरले एवढेच वाचून थांबू नका. वरच्या तेलातून सिरिंजने थोडे काढा, तितकेच झायलीन मिसळून फिरवा आणि तळाशी अजून किती पाणी निघते ते लिहा. पाणी झटपट उतरले, पण वरच्या तेलात दोन टक्के राहिले, असा डिमल्सिफायर अर्ध्या टक्क्याची अट असलेल्या तेलाच्या कामाचा नाही.

नमुना डोस टाकण्याच्या जागेच्या आधीच घ्यावा. मागचा डोस आधीच मिसळलेल्या तेलावर नवे रसायन तपासले जाते, असे आजही सर्रास घडते. कॅनवर तारखेबरोबर वेळ, तेलाचे तापमान आणि चोकच्या अलीकडचा-पलीकडचा दाब लिहावा. एकाच कॅनवर नमुना घेतल्या घेतल्या आणि दोन दिवसांनी अशा दोन्ही वेळी चाचणी करून आकडे आमच्याकडे पाठवावेत. विहिरीचे आणि कंपनीचे नाव नको. फक्त तेल हलके की जड आणि पाणी किती टक्के, एवढे कळवावे. पुढच्या अंकापासून ते आम्ही शेजारी शेजारी छापू.