टाकी बांधली, विहीर राहिली

जल जीवन मिशनला 2028 पर्यंत मुदतवाढ मिळाल्याने सरकारी कचेऱ्यांतला ताण थोडा सैल झाला असेल. गावांनी मात्र निर्धास्त राहू नये. ही योजना रखडेल, ही भीती आता दुय्यम आहे. खरी भीती ती कागदावर पूर्ण होण्याची आहे. टाकी बांधून झाली, पाइप पुरले, अंगणात नळ उभा राहिला, दाखला मिळाला आणि एप्रिलमध्ये पुन्हा टँकर आला, असे होण्याची दाट शक्यता आज दिसते आहे. ती वेळीच ओळखली नाही तर गावात एवढा पैसा पुन्हा लवकर येणार नाही.

15 ऑगस्ट 2019 रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून ही योजना जाहीर केली. 2024 पर्यंत ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरात नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी, असा शब्द होता. तेव्हा देशातल्या सव्वातीन कोटींच्या आसपास ग्रामीण घरांत नळ होते. आज सरकारी आकडा 15 कोटींच्या पुढे आहे. हे काम लहान नाही. जिथे नळाला खरोखर पाणी येते तिथे बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला आहे, मुलींची सकाळची शाळा वाचली आहे. म्हणूनच ही योजना फसू देता कामा नये.

आकडा नळांचा आहे, पाण्याचा नाही. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी 55 लिटरने रोज 1 लाख 10 हजार लिटर पाणी लागते. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टच्या कातळावर वसला आहे. पाणी मुरते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, आणि तो साठा मर्यादित असतो. दिवाळीत काठोकाठ भरलेली विहीर होळीनंतर तासभराच्या उपशात तळ गाठते, फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो आणि मोटार हवा ओढू लागते. अशा विहिरीवर कितीही मोठी टाकी बांधली तरी ती भरणार कशी? विहिरीची जागा ठरवताना भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा शब्द अखेरचा असायला हवा. अनेक गावांत तो अखेरचा ठरतो बक्षीसपत्र करून देणाऱ्याचा: ज्याने जमीन दिली त्याच्या बांधाला विहीर.

बरे, विहीर योग्य जागी खोदली तरी ती राखायची कोणी? पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हा नियम राज्यात 1993 च्या कायद्यापासून आहे. तरीही उन्हाळ्याच्या तोंडावर बोअरची गाडी रात्री गावात येते आणि पहाटेपर्यंत काम उरकून निघून जाते. सरपंचाला ठाऊक असते, तलाठ्याच्या कानावर येते, पण तक्रार कोणी करत नाही, कारण बोअर घेणारा भावकीतलाच असतो. ऊस किंवा बाग जगवायला निघालेल्या त्या शेतकऱ्याचाही नाइलाज असतो, हे आम्ही नाकारत नाही. पण सरकारी पैशाने उभारलेली गावाची विहीर त्या एका बोअरने आटते, याची जबाबदारी प्रशासनाने टाळू नये. गावाचे पाणी राखता येते, हे हिवरे बाजार या गावाने करून दाखवले आहे. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही हे गावाने ठरवले आणि पावसाळा संपला की उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरवली. हे तिथे जमले, मग गेल्या काही वर्षांत हजारो योजना मंजूर करताना गावाच्या पाण्याचा असा ताळेबंद ही पहिली अट का नव्हती?

दुसरे टोक ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरचे. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा या मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणांशी या तालुक्याचे नाव जोडलेले आहे. पावसाचे प्रमाण भरपूर. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. तानसा धरण 1892 चे आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पाण्याच्या वाहिन्या या लोकांच्या दारावरून शहराकडे जात आहेत. पाऊस कमी म्हणून पाणी नाही, हे कारण इथे चालत नाही. इथला प्रश्न पाण्यावर पहिला हक्क कोणाचा हा आहे, आणि पाड्यावर नळाचा खांब रोवून तो सुटत नाही.

योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिल्यावर तिसरे संकट सुरू होते. व्हॉल्व्ह फिरवून एकेका आळीला पाणी सोडणारा माणूस लागतो, त्याचा पगार लागतो. मोटारीचे वीजबिल, टीसीएल पावडर, वर्षातून एकदा तरी जळालेल्या मोटारीचे रिवाइंडिंग, फुटलेल्या पाइपाचे जोड, हे सगळे आलेच. चारशे घरांकडून महिन्याला शंभर रुपये पाणीपट्टी धरली तर वर्षाला 4 लाख 80 हजार होतात. निम्मीच वसुली झाली की बिल थकते आणि जोड तुटतो. चार दिवसांआड येणाऱ्या पाण्याचे पैसे लोक देत नाहीत, आणि पैसे नाहीत म्हणून पाणी आणखी लांबते. हे चक्र गावागावांत ठाऊक आहे. स्वजलधारा, जलस्वराज्य, भारत निर्माण या नावांच्या योजनांच्या जुन्या टाक्या अजून उभ्या आहेत. कित्येक ठिकाणी त्यांच्या शेजारीच नवी टाकी बांधली गेली. जुनी का बंद पडली, हे मात्र नव्या अंदाजपत्रकात कोणी लिहिले नाही.

त्यात पैशाची ओढाताण आहे. केंद्राने 2024-25 साठी ठेवलेले 70,163 कोटी रुपये सुधारित अंदाजात 22,694 कोटींवर आले. कंत्राटदारांची बिले थकली, आंदोलने झाली, आणि पाइप टाकण्यासाठी खोदलेले गावातले सिमेंटचे रस्ते तसेच पडून राहिले. शिवाय ही कामे जोरात होती त्याच काळात, 2022 पासून, राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. टाकी गळते, पाइप वरवर पुरला आहे, हे सभागृहात विचारायला निवडून आलेला सदस्यच नव्हता.

आता उरलेल्या काळात सरकारने नवे नारळ फोडणे थांबवावे. पूर्ण झालेल्या प्रत्येक योजनेच्या स्रोताची चाचणी भर उन्हाळ्यात घ्यावी आणि तिचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. जिथे विहीर पुरत नाही तिथे पुनर्भरणाची कामे किंवा दुसरा स्रोत मंजूर होईपर्यंत कंत्राटदाराचे अंतिम बिल काढू नये. जिथे काम चोख झाले आहे तिथे मात्र ते एक दिवसही अडवू नये. 500 मीटरच्या आतल्या बोअरची जबाबदारी तहसीलदारावर नावानिशी टाकावी. पहिली पाच वर्षे पाणीयोजनांचे निम्मे वीजबिल राज्याने उचलावे.

आणि गावाने ‘हर घर जल’चा ठराव 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत करू नये. तेव्हा प्रत्येक विहीर भरलेली असते. तो ठराव 1 मेच्या ग्रामसभेत मांडावा, शेवटच्या वस्तीवरच्या बायकांना आधी बोलू द्यावे, आणि त्यांच्या नळाला त्या सकाळी पाणी आले नसेल तर सरपंचाने सही करू नये.